खिडकीचा नमुना

शफीकभाई आमच्या घरी जाळीचं माप घ्यायला आले, तेव्हा आई स्वयंपाकघरात सरगुंडे करत बसली होती. १९९१ चा मे महिना. अमरावतीत बडनेरा रोडच्या आतल्या बाजूला आईबाबांनी नवं घर बांधलं होतं. खिडक्यांना चौकटी लागल्या होत्या, पण जाळ्या नव्हत्या, आणि गल्लीतली मांजरं घर आपलंच असल्यासारखी आत येत-जात. मी आठ वर्षांची होते. मांजरांवर लक्ष ठेवणं हे माझं काम.

शफीकभाईंनी टेपने चौकट मोजली, आकडे तळहातावर पेनाने लिहिले, आणि निघायचं सोडून स्वयंपाकघराच्या दारातच उभे राहिले. उंच, किडकिडीत माणूस. शर्टाच्या बाह्यांवर वेल्डिंगच्या ठिणग्यांनी पडलेली बारीक भोकं. आई भिजवलेल्या कणकेची दोऱ्यासारखी वळी करून काडीवर गुंडाळत होती. फेऱ्याला फेरा चिकटवत काडी भरली, की हलक्या हाताने सरकवून सुपात. आमरसासोबत खायचा हा प्रकार आमच्याकडे उन्हाळ्यात व्हायचाच, त्यात पाहण्यासारखं काही असतं हे मला माहीत नव्हतं.

"बाई, हे काडीवून उतरते कसं? तुटत नाही?" शफीकभाईंनी विचारलं. आई नगरपालिकेच्या शाळेत शिकवायची, म्हणून सगळे तिला बाईच म्हणत.

"काडीले तेलाचं बोट लावा लागते. आन घट्ट नाही गुंडाळायचं."

"मी पाहू एक करून?"

आई हसली, पण तिने पाट पुढे केला. शफीकभाईंनी हात धुतले आणि बसले. पहिलं सरगुंडं तुटलं, दुसरंही तुटलं. तिसरं आख्खं उतरलं, तेव्हा त्यांनी ते उजेडाकडे धरून आरपार पाहिलं आणि वर्तमानपत्राच्या तुकड्यात बांधून खिशात घातलं. बाबांना वाटलं, बायकोला दाखवायला नेताहेत.

दहा दिवसांनी जाळी आली. त्या काळी घरोघरी एकाच धर्तीची जाळी असायची. उभे गज, नाहीतर कोपऱ्यातून उगवणारा सूर्य. आमच्या जाळीत उभ्या गजांच्या मधोमध लोखंडी सळईची वेटोळी होती, एकाखाली एक, वर सैल आणि मध्ये फुगीर. आई कमरेवर हात ठेवून तिच्याकडे बघत राहिली.

"माय बाई! हे तर माये सरगुंडे!"

"सळई तापवली आन पाइपावर गुंडाळली," शफीकभाई म्हणाले. "पाइपाले तेल लावलं, बाई. मंग उतरली."

मी पुढे चित्रकलेकडे वळले. पुण्यात राहून लहान मुलांच्या पुस्तकांसाठी चित्रं काढते. चित्र काढायचं तुला कुठून सुचलं, असं कोणी विचारलं की मी चटकन काहीतरी सांगून मोकळी होते. खरं उत्तर त्या जाळीत आहे. दुपारी तिची सावली फरशीवर पडायची. सरगुंडे लांब व्हायचे, वाकडे व्हायचे, भिंतीवर चढायचे, आणि मी खडूने त्यांच्या कडा गिरवत बसायचे. आई फरशी पुसून घ्यायची, दुसऱ्या दिवशी मी पुन्हा गिरवायचे.

आई गेल्यावर दोन वर्षांनी, म्हणजे २०२३ मध्ये, घर विकायचं ठरलं. घेणाऱ्याला ते पाडून तिथे मोठं बांधायचं होतं. बाकी कशाचा मला लोभ नव्हता, पण ती जाळी भंगारात जावी असं वाटेना. ती उपटून घ्यायला कोणाला तरी बोलवायचं, तर ज्याने बसवली त्यालाच का नको, असं मनात आलं. शफीकभाई आता कुठे असतील, असतील तरी का, काही माहीत नव्हतं. जुन्या शेजाऱ्यांनी पत्ता सांगितला.

दुकान मोठं झालं होतं. आत काचेच्या खोलीत संगणक, त्याच्या पलीकडे पत्रा कापायचं मशीन. शफीकभाईंचा मुलगा इमरान आता धंदा पाहत होता. गिऱ्हाईक मोबाइलवर फोटो दाखवायचं, इमरान तो संगणकात घ्यायचा आणि मशीन सरसर नक्षी कापून द्यायचं. दाराशी प्लास्टिकच्या खुर्चीवर सत्तरीचे शफीकभाई वर्तमानपत्र वाचत बसले होते. मी आईचं नाव सांगितलं, तर त्यांनी क्षणभर डोळे बारीक केले.

"सरगुंडेवाल्या बाई?"

मी हो म्हटलं. त्यांनी पेपर घडी करून खाली ठेवला.

जाळी काढायला ते स्वतः आले. इमरान म्हणाला गॅसने दोन मिनिटांत कापतो, पण त्यांनी ऐकलं नाही. छिन्नी-हातोड्याने चौकटीभोवतीचं सिमेंट फोडत फोडत त्यांनी अर्धा दिवस लावला आणि जाळीला कुठे खोक न पडता ती उतरवली. आज ती माझ्या पुण्याच्या घरात भिंतीला टेकून उभी आहे. त्या दिवशी उतरवलेल्या जाळीवरची सिमेंटची धूळ ते पुसत असताना मी त्यांना विचारलं, "चाचा, सध्या कोणतं डिझाईन करून राहिले?"

"कोनतंच नाही." त्यांचा आवाज अगदी सरळ होता. "चार वर्स झाले. येऊनच नाही राहिलं."

"मशीन आलं म्हणून?"

"नाही, बेटा. मशीनवर मी रुसलो नाही. त्या मशीननं इमरानची पाठ वाचवली. लोक फोटो घेऊन येतात, त्यायले तेच पायजे. मंग मी कोनासाठी पाहू? पाहनंच बंद झालं मायं."

त्यानंतरचा आठवडा मी अमरावतीत होते. रोज संध्याकाळी त्यांच्याकडे जायचे. त्यांच्या पत्नी अकीलाचाची चहा आणून द्यायच्या आणि मी प्रश्न विचारायचे. त्यातून जे कळलं ते असं.

शफीकभाई मूळचे अकोल्याकडच्या बाळापूरचे. वडील घरच्या मागावर सतरंज्या विणायचे. लाल, निळ्या पट्ट्यांच्या, काठाला चौकटी असलेल्या. लहानपणी शफीक सुताच्या कांड्या भरायचा आणि अब्बांच्या ओठांकडे पाहत बसायचा, कारण अब्बा विणताना मोजायचे. नऊ लाल, तीन पांढरे, पुन्हा नऊ. कागदावर नक्शा कधीच नव्हता. एकदा त्याने विचारलं, अब्बा, विसरलात तर? अब्बा म्हणाले, "नक्शा कागज पे नहीं रहता बेटा, गिनती में रहता है." पुढे बाजारात गिरण्यांचा स्वस्त माल आला, सतरंजीला कोणी विचारेना, आणि अब्बांनी एका सकाळी माग सोडवून त्याची लाकडं माळ्यावर ठेवली. सोळा वर्षांचा शफीक अमरावतीला वामनराव मिस्त्रींच्या वेल्डिंगच्या दुकानात लागला.

आठ-नऊ वर्षं त्याने उभे गज आणि उगवते सूर्य केले. मग एकदा धामणगावला एका धान्याच्या अडत्याच्या घरी माप घ्यायला गेला. येताना गाडी चार तास उशिरा. स्टेशनच्या मालधक्क्यावर रुईच्या गाठी रचलेल्या होत्या. तो एका गाठीला टेकून बसला आणि समोरच्या गाठीकडे बघत राहिला. लोखंडी पट्ट्यांनी आवळलेली रुई दोन पट्ट्यांच्या मधून फुगून बाहेर आली होती. आवळलेलं, फुगलेलं, आवळलेलं, फुगलेलं. "मले अब्बाची गिनती आयकू आली," शफीकभाई मला म्हणाले.

दुकानात येऊन त्याने फरशीवर खडूने पूर्ण मापाची जाळी काढली. सरळ पट्ट्या आणि त्यांच्यामध्ये बाहेर बाक घेतलेल्या सळया.

वामनराव मिस्त्री आले, बघितलं. "हे काय पोट सुटल्यावानी काढलं बे?"

"गाठी हायेत, मिस्त्री. रुईच्या."

"लोकायले खिडकी पायजे. गाठी कोनाले पायजेत?" असं म्हणून मिस्त्रींनी पायाने ते पुसून टाकलं. पण दुसऱ्या दिवशी सकाळी ते लवकर आले, खडू शफीककडे फेकला आणि म्हणाले, "काढ पुना. पन साऱ्या सळया एकाच मापानं वाकल्या पायजेत. एक जरी कमी-जास्त झाली तर मी गजच लावीन."

धामणगावच्या अडत्याने जाळी बसवून घेतली. आवडली का, काही बोलला नाही. वाईटही म्हणाला नाही, म्हणून चाललं.

तेव्हापासून शफीकला बघायची सवय लागली. माप घ्यायला तो मूर्तिजापूर, परतवाडा, अकोला असा एसटीने हिंडायचा आणि वाटेत जे दिसेल ते डोक्यात भरून आणायचा. बाजेची वीण. काड्यांनी टाचलेली पत्रावळ. एकदा मोझरीला गुरुकुंज आश्रमात प्रार्थनेला बसलेल्या माणसांच्या रांगा त्याने मागून पाहिल्या. खांदे, त्यावर टोप्या, पुढे पुन्हा खांदे. त्यावरून नुसत्या कमानी आणि गोळ्यांचं एक फाटक झालं. प्रत्येक नक्षी फरशीवर खडूने काढायची, त्यावर सळया ठेवून जुळवायच्या आणि काम झालं की पुसून दुसरी काढायची. मिस्त्री वारल्यावर दुकान त्याच्याकडे आलं, तरी कागदावर त्याने कधी काही काढलं नाही.

"म्हणजे तुमच्याजवळ एकही नमुना नाही?" मी विचारलं.

"जाळ्या हायेत ना लोकायच्या घरी."

"आहेत का अजून?"

त्यांनी पेपर पुन्हा उघडला. आतून अकीलाचाची म्हणाल्या, "पूछो मत. चार साल से पेपर पढ़ रहे. वहीच पेपर दो दो बार."

मी म्हटलं, चला, शोधू. शफीकभाईंनी साफ नकार दिला. "कायले? लोकायच्या खिडक्यायत डोकावाले?" पण अकीलाचाचींनी त्यांचा इस्त्रीचा कुर्ता काढून खुर्चीवर ठेवला, आणि तो विषय तिथे संपला.

अमरावतीत त्यांना सात पत्ते आठवले. दोन दिवस आम्ही रिक्षाने फिरलो. पाच घरं पाडलेली होती. सहाव्या घरात नक्षीची जाळी काढून काचेच्या सरकत्या खिडक्या बसवल्या होत्या. घरातल्या बाईंनी सांगितलं, जुनी जाळी सुंदर होती, पण धूळ फार धरायची. सातव्या घरी गुरुकुंजाचं फाटक होतं, खालून गंजलेलं, एक झडप निखळून भिंतीला टेकवलेली. शफीकभाईंनी वाकून सांधा बघितला. "वेल्डिंग धरून हाये," एवढंच म्हणाले. परतताना रिक्षात ते बोटांना लागलेला गंज रुमालाने पुसत राहिले, आणि आपण उगाच त्यांना हे दाखवलं, असं मला वाटायला लागलं.

धामणगावला जायचं की नाही, हे मी त्यांच्यावर सोडलं. सकाळी ते माझ्याआधी बडनेरा स्टेशनवर येऊन बसलेले.

अडत्याचं घर बाजाराच्या मागे जागेवर होतं. दारात साठी उलटलेल्या बाई तांदूळ निवडत बसल्या होत्या. त्यांचं नाव मैनाबाई. १९७८ साली त्या या घरात नव्या नवरी होत्या. आम्ही आमची ओळख सांगितली. त्यांनी शफीकभाईंकडे नीट पाहिलं, हातातलं ताट खाली ठेवलं, आणि म्हणाल्या, "इतके दिवस कुठं होते तुमी? या, आत या."

जाळी होती. पंचेचाळीस वर्षांत तिच्यावर रंगाचे किती थर चढले होते कोणास ठाऊक, आता ती फिकट हिरवी होती. शफीकभाई तिच्याजवळ जाऊन सळयांवरून हात फिरवू लागले. बाक मोजत होते बहुतेक. मी मात्र दुसरीकडेच बघत होते. दारावर क्रोशाचं तोरण होतं, पांढऱ्या दोऱ्याचं. त्यात सरळ पट्ट्या होत्या आणि दोन पट्ट्यांच्या मधून फुगलेले आकार. टीव्हीवरचं आवरण त्याच विणीचं. पाळण्यातल्या बाळाच्या टोपीच्या काठालाही तीच वीण.

"मैनाबाई, हे तोरण कोणी केलं?"

"मीच. ते खिडकीवून घेतलं." त्या जाळीकडे बोट करून इतक्या सहज म्हणाल्या, जणू यात सांगण्यासारखं काही नाही. "नवीन होती तवा दुपारी बाहेर जाची सोय नोती. सासू झोपली की मी ह्या खिडकीपाशी बसो. बसून बसून टाके मोजले. तीन साखळ्या, मंग पाच खांब, मंग पुना तीन. पोरीले शिकवलं, सुनेले शिकवलं. साऱ्या गल्लीनं नेलं. माई पोरगी यवतमाळले दिली, तिच्या सासरच्या बायाही करतात. इथं त्याले खिडकीचा नमुनाच म्हनतात."

शफीकभाई वळले. तोरणाखाली जाऊन उभे राहिले. मान वर करून त्यांनी ते बघितलं, आणि त्यांचे ओठ हलायला लागले. तीन, पाच, तीन. मोजून झालं तरी ते खाली बघेनात.

"ह्या गाठी हायेत, बाई," शेवटी ते म्हणाले. "रुईच्या."

"गाठी?" मैनाबाईंनी कपाळाला आठ्या घातल्या. "मले तर वाटलं पानं हायेत. पिंपळाची."

"पानंच म्हना," शफीकभाई म्हणाले, आणि कुर्त्याच्या बाहीने डोळे पुसून जोरात हसले. ते असे हसल्याचं मी रात्री अकीलाचाचींना सांगितलं, तर त्यांनी माझ्याकडून सगळी हकिगत दोनदा ऐकून घेतली.

निघताना मैनाबाईंनी एक तोरण घडी करून त्यांच्या हातात ठेवलं. स्टेशनवर गाडीला वेळ होता. फलाटाबाहेर एक बाई शिंदीच्या पानांच्या झाडण्या विकायला बसली होती. नव्या झाडण्या तिने उन्हात पसरून ठेवल्या होत्या, मूठ आत आणि पाती बाहेर, अर्धगोल. माझ्याशी बोलता बोलता शफीकभाई मध्येच थांबले आणि तिच्यासमोर उकिडवे बसले.

"बाई, हे मूठ बांधता कशी? आधी पाती फाकवता का आधी दोरी?"

तिने करून दाखवलं. त्यांनी एक झाडणी घेतली. गाडीत ती मांडीवर ठेवून बडनेऱ्यापर्यंत तिची पाती फाकवत, मिटवत बसले. समोरच्या बाकावरचा माणूस आधी त्यांच्याकडे आणि मग माझ्याकडे बघत होता. मी खिडकीबाहेर बघण्याचं सोंग केलं.

दुकानात पोचल्यावर त्यांनी इमरानकडे खडू मागितला. दुकानात खडू नव्हता, कित्येक वर्षांत लागलाच नव्हता. इमरान बाहेर गेला आणि कोपऱ्यावरच्या स्टेशनरीतून अख्खी पेटी घेऊन आला. शफीकभाईंनी फरशी झाडायला लावली आणि गुडघ्यांवर बसले. गुडघे दुखत होते, ते मध्येच "या अल्ला" म्हणत होते, पण रेघ थांबत नव्हती. इमरानने काचेच्या खोलीतला दिवा मालवला आणि येऊन माझ्या शेजारी उभा राहिला.

"अब्बा, ही मूठ मशीनवर कापून देऊ का? पाती सळईची करा तुम्ही."

शफीकभाईंनी वर बघितलं, थोडा विचार केला. "कापता येते?"

"येते ना. एकासारखी एक येईल."

"मंग काप."

झाडण्यांचं ते फाटक बाळापुरातल्या मुलींच्या एका शाळेने घेतलं. इमरानने फरशीवरच्या रेघांचा फोटो काढून मोबाइलवर टाकला होता, तो शाळेच्या मुख्याध्यापिका प्रियदर्शनी मॅडमनी पाहिला होता. पुढच्या जानेवारीत फाटक बसवलं, तेव्हा मीही पुण्याहून गेले. सकाळी शफीकभाई मला अब्बांच्या गल्लीत घेऊन गेले. माग जिथे होता तिथे आता मोबाइलचं दुकान होतं. ते बाहेरच थोडा वेळ उभे राहिले, आत गेले नाहीत. "इथं मी कांड्या भरो," म्हणाले, आणि चालायला लागले.

दुपारी फाटक बिजागरीवर चढलं. दोन झडपा मिटल्या की झाडण्या एकमेकींना भिडायच्या, आणि उघडल्या की दोन मोठे पंखे पसरल्यासारखे दिसायचे. प्रियदर्शनी मॅडम थोड्या संकोचून पुढे आल्या.

"चाचा, एक सांगू? लोक विचारतात, शाळेच्या फाटकावर झाडण्या कशाला? मग मी सांगून टाकलं, मोर आहेत म्हणून."

इमरानने धास्तावून वडिलांकडे पाहिलं.

"झाडण्याच हायेत," शफीकभाई म्हणाले. "पन मोर म्हनत असतील तर मोरच राहू द्या."

तेवढ्यात शाळा सुटली. मुली घोळक्याने फाटकातून बाहेर पडल्या. दप्तरं, वेण्या, मोठमोठ्याने बोलणं. एकीनेही फाटकाकडे मान वळवून पाहिलं नाही. मला जरा वाईट वाटलं, आणि ते माझ्या चेहऱ्यावर दिसलं असावं.

"आजच तर लागलं, बेटा," शफीकभाई हाताला लागलेला रंग रॉकेलच्या चिंधीने पुसत म्हणाले. "यायले पाहू दे सावकाश. चाळीस वर्स हायेत."